अक्काचे गुडघे आणि माझा पाना

खरं तर हा किस्सा मी कुणाला सांगणार नव्हतो. पण आता लपवून करू काय? आमची अक्का अख्ख्या येलहंकाभर सांगत सुटली आहे. भाजीवालीला माहीत, दूधवाल्याला माहीत, परवा तर रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघून हसू दाबलं. तेव्हा तिच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. म्हणून ताई नाही, अक्का. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिचा मुलगा गिरीश महादेवपुऱ्याला राहतो, आयटीत आहे. त्याच्या फ्लॅटमध्ये अक्काला करमत नाही. "एवढ्या उंच मजल्यावर कावळासुद्धा येत नाही रे," म्हणते.

तर ह्या अक्काचे गुडघे. बसली की उठवेना, उठली की बसवेना. जिना उतरताना एकेका पायरीवर देवाचं नाव घ्यायची. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, गरम पाण्यात बसून व्यायाम करा, गुडघ्यांवरचा भार कमी होतो. आपण काय केलं असतं? बादली, तपेलं, टॉवेल. गिरीशनं काय केलं? हॉट टब आणला! क्रेननं उचलून आमच्या गच्चीवर ठेवला. सगळी गल्ली माना वर करून बघत होती.

अक्का म्हणाली, "अय्यो, एवढी मोठी कढई कशाला रे? लग्नाचं सांबार करायचंय काय?"

पण खोटं कशाला बोलू, त्या कढईनं जादू केली. रोज संध्याकाळी अक्का माझी जुनी ट्रॅकपँट आणि ढगळ शर्ट घालून त्यात उतरायची. पाय लांब कर, जवळ घे, लांब कर, जवळ घे. वरून हवाई दलाचं विमान गेलं की त्याला हात करायची. हळूहळू कठडा न धरता जिना उतरायला लागली. मी खालून बघत होतो, आणि सांगतो तुम्हाला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गिरीशला मुलगी झाली. आता बारसं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. पाळण्याच्या एका बाजूनं बाळ वरून द्यायचं, दुसऱ्या बाजूनं पाळण्याखालून वाकून घ्यायचं. अक्कानं जाहीर करून टाकलं, "खालून बाळ मी घेणार. वाकून. खुर्चीबिर्ची काही नको. एकुलती एक नात आहे माझी." आणि त्यासाठी ती टबात वाकायचा सराव करायला लागली, हातात बाळाऐवजी उशी धरून! उशी इतकी भिजायची की बाळाच्या चौपट जड व्हायची. पण हट्ट म्हणजे हट्ट.

दिवाळी आली. दिवाळीनंतरच्या रविवारी बारसं.

आता जरा माझ्याविषयी. मी आयुष्यभर विमा कंपनीत कागद हलवले, पण हात माझे जन्मजात मेकॅनिकचे. आमचा मिक्सर मीच दुरुस्त केला. तेव्हापासून तो फक्त सगळ्यात मोठ्या वेगानं फिरतो, पण फिरतो की नाही? दाराची बेल मी दुरुस्त केली. ती आता पाहुणा निघून गेल्यावर वाजते, पण वाजते! आमची सौभाग्यवती वसुधा म्हणते, "तुमचा हात लागलेली वस्तू लगेच ओळखू येते हं." मी हे कौतुक समजतो.

आणि माझं खास हत्यार म्हणजे ऑफिसच्या ओळखपत्राची निळी पट्टी. गळ्यात अडकवायची असते ती. निवृत्त होताना बऱ्याच घरी आल्या. त्यांनी मी काय काय बांधलंय! टोमॅटोची रोपं, गॅलरीचा पडदा, स्कूटरची डिकी. घरात कुठेही निळी पट्टी दिसली की समजायचं, इथे अण्णा येऊन गेले. अण्णा म्हणजे मी. अक्कासाठी मात्र अजून रामूच.

तर नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या ह्या कर्नाटकात पाणी भरायचा सण असतो. न्हाणीघरातला हंडा घासूनपुसून लख्ख करायचा, हळदकुंकू लावायचं, फुलांची माळ घालायची, पाणी भरून ठेवायचं. पहाटे अंगाला तेल चोळून त्याच पाण्यानं न्हायचं. आता हंडे राहिलेत कुठे? वसुधा दरवर्षी गीझरला कुंकू लावते आणि बादलीला माळ घालते. बिचारी बादली नवरीसारखी सजून बसते.

ह्या वर्षी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, गच्चीवर एवढा मोठा हंडा असताना बादलीची कसली पूजा करतेस?"

"अहो, ते मशीन आहे."

"दसऱ्याला आपण स्कूटरची पूजा करत नाही? ज्यानं अक्काला पायावर उभं केलं त्याला साधी माळ नको?"

मी कामाला लागलो. हंडा घासायचा म्हणजे घासायचा. टबाचा फिल्टर काढला, धुतला आणि कठड्यावर वाळत टाकला. बाजारातून झेंडूची जाडजूड माळ आणली. ती टबाच्या काठाभोवती पुरेना, मग उरलेल्या जागेत निळी पट्टी बांधली. समोर रांगोळी, दोन पणत्या. फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. काय ते कौतुक! मल्लेश्वरमच्या मामींनी तर लिहिलं, 'आमच्या रामूसारखी हौस कुणाला नाही.'

पहाटे वसुधानं सगळ्यांना तेल चोळलं. मी न्हाणीघरात जाऊन आलो आणि टबाकडे निघालो. पूजा केलेल्या पाण्यात एक डुबकी नको?

"अहो, तेलकट अंगानं टबात उतरू नका!"

"साबण लावलाय मी."

"पाठीला कोणी लावला?"

पाठीचा विषय मी वाढवला नाही. अंधारात टबात उतरलो, सगळे फवारे पूर्ण वेगानं सोडले आणि डोळे मिटले. हाऽऽ! स्वर्ग म्हणतात तो हाच. उजाडल्यावर बाहेर आलो तर काठावर माळ नव्हती. वसुधानं निर्माल्यात टाकली असेल, म्हटलं. वाळलेला फिल्टर जागेवर बसवला आणि फराळावर तुटून पडलो.

तुमच्या लक्षात आलं ना? हसू नका एवढ्यात. माझ्या लक्षात आलं नाही, हाच तर किस्सा आहे.

संध्याकाळी गच्चीवरून अक्काची हाक आली. "रामू, पाणी कोमट आहे रे! आणि ते बटणांचं तोंड डोळे मिचकावतंय."

वर जाऊन बघतो तर टबाच्या पॅनलवर इंग्रजीत 'फ्लो' लुकलुकतंय. कंपनीला फोन लावला. दिवाळीची सुट्टी, माणूस गावाला गेलेला, बारशानंतरच येणार. गिरीश फोनवर म्हणाला, "मामा, फ्लो म्हणजे पाणी नीट फिरत नाहीये. पंप पाणी ओढतो, ते हिटरच्या नळीतून जातं आणि परत टबात येतं. ते फिरलं नाही तर हिटर आपण होऊन बंद होतो. हिटरला काही झालं नसेल, तुम्ही त्याला हात लावू नका."

आता मला सांगा, जो मुलगा लहानपणी माझ्याकडून सायकलची चेन बसवून घ्यायचा, त्यानं मला शिकवायचं? पाणी गार म्हणजे हिटर गेला. चहा गार झाला तर आपण काय कपाला दोष देतो?

मी मेन स्विच बंद केला, टबाच्या बाजूची फळी काढली आणि आत डोकं घातलं. आत पांढऱ्या नळ्या, वायरी, पंप, सगळा संसार मांडलेला. हिटरची तारजोडणी सोडवली आणि मीटर लावून बघितलं. मीटर म्हणाला, हिटर ठणठणीत आहे. मी म्हटलं, मीटर बिघडलाय. वसुधा म्हणाली, "तो तुम्हीच दुरुस्त केला होता ना?" मी मीटर खिशात घातला.

मग तापमान मोजणारी कांडी काढली, पुसली, परत घातली. काही फरक नाही. वायरी हलवून बघितल्या. काही नाही. पाण्याला बाहेरून गरम करू म्हटलं, तर स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत पातेलं नेईस्तोवर निम्मं पाणी माझ्या पायावर आणि उरलेलं गार. अक्का तेवढं पाणी बादलीत घेऊन पाय बुडवून बसायची. पण बादलीत पाय मावतात हो, गुडघे कुठे मावतात?

दोन दिवसांत तिनं पुन्हा कठडा धरला.

आणि इथे मी ती गोष्ट केली, जी आठवली की अजून मान खाली जाते. टबाच्या पाण्यावर मला तेलाचा तवंग दिसला. बस्स! मला वाटलं, चोर सापडला. अक्का टबात उतरण्याआधी गुडघ्यांना औषधी तेल लावते. "तेलानंच घात केला! सगळ्या नळ्या तेलानं तुंबल्या असणार!" मी जिन्यातच घोषणा केली. एवढ्यावर थांबलो नाही, मोठ्या अक्षरात पाटी लिहिली, 'तेल लावून टबात उतरू नये' आणि गच्चीच्या दारावर लावली. कशानं? निळ्या पट्टीनं.

वसुधा भडकली. "तिच्या गुडघ्याला लागतं चमचाभर. त्या दिवशी तुमच्या अंगावरून गेलं ते वाटीभर होतं! तेव्हा कुठे गेली होती पाटी?"

"पुरुषाची त्वचा तेल शोषून घेते," मी म्हणालो. काय बोलतोय हे माझं मलाच कळत नव्हतं.

अक्कानं पाटी वाचली आणि ती आपल्या खोलीत निघून गेली. ह्या बाईनं लहानपणापासून माझी एकही गोष्ट ऐकून घेतली नाही, आणि आज गप्प! दुपारी मी पाणी प्यायला उठलो तर तिच्या खोलीतून आवाज आला. गिरीशशी फोनवर बोलत होती. "नाही रे, टब माझ्यामुळेच बिघडला. तेल लावत होते ना मी. साकु, पुरे झालं आता, परत नको तो खर्च. बारशाला मी खुर्चीवर बसेन. पाळण्याखालून घ्यायला सुनेची आई आहे की. तिचे गुडघे चांगले आहेत."

मी पाण्याचा तांब्या तसाच ठेवला. लहानपणी मला ताप आला की रात्रभर मांडीवर डोकं घेऊन बसायची ती हीच अक्का. तिचे गुडघे काय उगीच झिजले? तसाच पाना उचलला आणि गच्चीवर गेलो. वाटेत ती पाटी फाडली.

आता हिटरचा नाद सोडला. गिरीश म्हणाला होता, पाणी फिरत नाही. पाणी फिरवतो कोण? पंप. मग पंप उघडायचा! पंपाच्या दोन्ही बाजूंना पाणी अडवायच्या चाव्या असतात. एक आत येणाऱ्या नळीवर, एक बाहेर जाणाऱ्या नळीवर. मी आतली बंद केली. बाहेरचीचं काय? अहो, बाहेर जाणारं पाणी परत कशाला येईल, असा माझा विचार.

आलं! नळीचा जोड सैल केला मात्र, अर्धा टब माझ्या छातीवर! चष्मा गेला वाहत. पाणी गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून दारात, दारातून शेजारच्या शांतम्मांच्या ताज्या रांगोळीवर. त्या धावत बाहेर आल्या. "अय्यो सार! टाकी फुटली काय? आम्ही टँकरची वाट बघतोय आणि तुम्ही नीरु रस्त्यावर सोडताय?" मी वरून ओरडलो, "स्वल्प थांबा, शांतम्मा, चावी सापडत नाहीये!" चावी माझ्या हाताखालीच होती. सापडत नव्हता तो चष्मा.

शेवटी दोन्ही चाव्या बंद झाल्या. पंपाचं तोंड उघडलं. आत पाणी ढकलणारं छोटं चक्र असतं. आणि त्या चक्राभोवती काय? दोऱ्याचा हा एवढा गुंता, आणि त्यात काहीतरी केशरी, लगद्यासारखं. हाताला वास आला. झेंडू!

सापडलं! मला इतका आनंद झाला की मी ओल्या कपड्यांनीच खाली आरोळी ठोकली. "या! सगळ्या वर या! आणि बघा! अक्का, तेल नव्हतं, तेल नव्हतं!"

वसुधा वर आली. मागून कठडा धरत धरत अक्काही आली. मी चिखल झालेल्या गच्चीवर उभा राहून भाषण सुरू केलं. "यंत्राची काही किंमत आहे की नाही ह्या घरात? कुणीतरी ह्या टबात फुलं टाकलीत. फुलं! कुठल्या अडाण्यानं हा उपद्व्याप केला? आधी मला त्याचं नाव हवंय."

वसुधा शांतपणे म्हणाली, "ओढा की अजून. शेवट येऊ द्या."

मी ओढलं. दोरा आला. अजून ओढलं. पाकळ्या आल्या. आणि सगळ्यात शेवटी, चक्राला घट्ट मिठी मारून बसलेली, आली. निळी पट्टी.

कठड्यावरच्या कबुतरानंसुद्धा माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं. माझ्या डोक्यात सगळं एकदम फिरलं. काठावर बांधलेली माळ, कठड्यावर वाळत पडलेला फिल्टर, अंधारात पूर्ण वेगानं सोडलेले फवारे. फिल्टर जागेवर असता तर माळ तिथेच अडली असती. मी तिला थेट पंपात जायला मोकळा रस्ता करून दिला होता. वर तिच्यावर बसून स्वर्गाचं नाव घेत होतो.

"सरी, ठीक," अक्का म्हणाली. "अडाण्याचं नाव कळलं."

आणि हसायला लागली. किती हसावं? कठड्याला धरून हसली, कठडा सोडून हसली, शेवटी खाली ओल्यातच बसली. "तरी म्हटलं, माझं चमचाभर तेल काय पंपाचा गळा आवळतंय!" तिला उठवायला आम्हा दोघांना हात द्यावा लागला. मी म्हणालो, "अक्का, चुकलो गं." ती म्हणाली, "गप. आधी ते मशीन सुरू कर, मग पाया पड."

चक्र साफ केलं, जोड घट्ट केले, दोन्ही चाव्या उघडल्या, टबाचं तेलकट पाणी उपसून नवं भरलं. (शांतम्मांच्या हातापाया पडून त्यांच्याच टँकरमधलं.) स्विच दाबला. पंप नुसता घूंऽऽ करतोय, पाणी हलत नाही. ह्या वेळी मात्र मी आधी गिरीशला फोन केला. "मामा, आत हवा अडकली असेल. पंपाचा जोड थोडा सैल करा, हवा जाऊ द्या, पाणी यायला लागलं की घट्ट करा." मी तसंच केलं. बरं का, मुकाट्यानं केलं. फुस्स झालं, पाणी आलं, घट्ट केलं, आणि टब पुन्हा गुणगुणायला लागला. तासाभरानं हात घातला तर ऊन ऊन पाणी! अक्का माझी ट्रॅकपँट घालून तयारच होती. काखेत उशी होती. वरून विमान गेलं तेव्हा तिनं दोन्ही हात केले.

पण बुडालेले दिवस बुडाले होते. बारशाच्या दिवशी मल्लेश्वरमच्या हॉलमध्ये अक्का काठी घेऊन आली आणि कडेच्या खुर्चीवर बसली. "बघू," एवढंच म्हणाली. बायका पाळण्याभोवती जमल्या, बाळाला आणलं, तरी ती उठेना. सुनेच्या आईकडे बघत होती. मला ते बघवेना. काहीतरी करावं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर पाळण्याच्या एका बाजूची माळ सुटून लोंबत होती. झेंडूचीच. मी पुढे झालो, माळ उचलली आणि सवयीनं खिशातून निळी पट्टी काढली.

"राऽऽमू!"

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. अक्का उठली. काठी खुर्चीपाशीच पडली. मामींना बाजूला सारत, फराळाच्या ताटांना वळसा घालत ती अख्खा हॉल ओलांडून तरातरा आली आणि तिनं माझ्या हातातून माळही घेतली आणि पट्टीही. "माझ्या नातीच्या पाळण्याला हात लावशील तर बघ!"

गिरीश म्हणाला, "आई, तू चालत आलीस?"

अक्कानं आपल्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचला, पाळण्याखाली वाकली आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या गं बाळाला इकडे," म्हणाली. बाळ पाळण्याखालून तिच्या हातात आलं आणि ती ताठ उभी राहिली. माझा चष्मा त्या दिवशी जागेवर होता, तरी मला नीट दिसेना.

त्यानंतर टब उत्तम चाललाय. मला त्याच्या जवळ जायला बंदी आहे, म्हणूनही असेल. फक्त अक्का व्यायामाचा कंटाळा करून टबाबाहेर बसून राहिली, की तेवढ्यापुरती वसुधा मला परवानगी देते.

"अहो," ती खालून हाक मारते, "झेंडूची माळ घेऊन जरा गच्चीवर जाऊन उभे राहा बघू!"